हॉवर्डची कबुतरं: ‘स्पायडरमॅन २’ घडवणाऱ्यांना पंचवटीहून खुलं पत्र

पंचवटी, नाशिक
नोव्हेंबर २०२३

इन्सोम्नियाक गेम्समधल्या लेखकांनो, चित्रकारांनो, आवाज देणाऱ्यांनो आणि खेळ संपल्यावर ज्यांची नावं भराभर वर सरकून जातात अशा सगळ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. गेला महिनाभर तुमच्या खेळातलं बोलणं मी माझ्या आजीला वाक्यावाक्याने मराठीत सांगत आले. आता हे पत्रही कुणीतरी तुमच्या शेजारी बसून असंच तुम्हाला सांगावं. मध्ये माणूस बसला की किती पोहोचतं, किती गळतं आणि किती नव्यानेच हाती लागतं, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

(मराठी वाचकांसाठी एवढंच: खेळ अजून पुरा झाला नसेल तर पत्र बाजूला ठेवा. पुढे कथेतलं बरंच काही उघड केलं आहे.)

तुमचा खेळ आला २० ऑक्टोबरला, नवरात्राच्या सहाव्या माळेला. त्या दिवसांत नाशकात कालिकेची यात्रा असते, रात्री उशिरापर्यंत पाळणे फिरत असतात. आम्ही यंदा गेलो नाही. निज श्रावणात आजोबा गेले. तेव्हापासून घरात सणासारखं काही नव्हतं आणि आजीची झोप गेली होती. ती ७८ वर्षांची आहे. दहाला दिवे मालवले की हॉलमधल्या दिवाणावर येऊन बसायची, हातात जपाची माळ, पण मणी पुढे सरकत नसायचा. जेवणं आवरल्यावरचे दोन तास माझे असतात. अंबडला एका कारखान्यात मी तयार सुट्या भागांची तपासणी करते, दिवसभर मापं घेऊन डोळे शिणलेले असतात, आणि तरी रात्री मला खेळायचं असतं. प्लेस्टेशन ५ आम्ही बहीणभावांनी गेल्या वर्षीचे दोघांचे बोनस एकत्र करून घेतला, ५४,९९० रुपयांना. तुमच्या खेळाचे ४,९९९ वेगळे. आमच्या घरात हा खर्च दोन-तीनदा बोलून, दिवाळीचे कपडे मागे ठेवून करायचा असतो. म्हणून तुमचा खेळ आम्ही चघळून चघळून खेळलो.

पहिल्या रात्री सॅंडमॅन इमारतींएवढा होऊन शहरावर आला तेव्हा आजीने विचारलं, “कोण गं हा? आणि का चिडलाय एवढा?” मी उत्तर दिलं, आणि तिथून हे सुरू झालं. तुमच्या संस्थेच्या नावाचा अर्थ झोप न येणारा माणूस असा होतो, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग बसते मी इथे.”

आजीला उडण्याचं नवल वाटलं नाही. मारुतीच्या गोष्टींवर वाढलेली बाई. याच शहरातून काम करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली हनुमान पडद्यावर उडवून दाखवला होता. उडणारा माणूस बघण्याची सवय आमच्या गावाला जुनी आहे. तिला नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. पीटर, म्हणजे खेळातल्या दोन स्पायडरमॅनपैकी थोरला, जाळ्यावर झुलत झुलत फोनवर बोलत होता आणि आजी म्हणाली, “दम लागलाय बघ त्याला. जिन्यावरून बोलल्यासारखं बोलतोय.” मला ते कधी जाणवलं नव्हतं. पहिल्या, २०१८ च्या खेळाच्या वेळी पीटरला आवाज देणाऱ्या युरी लोवेन्थल यांच्याकडून तुम्ही तेच संवाद दोनदा बोलून घेतले होते, एकदा निवांत आणि एकदा धापा टाकत, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या बाईला तुमची ती मेहनत पहिल्या तासात ऐकू आली. ज्या कुणाच्या डोक्यातून ती कल्पना निघाली, त्यांना आजीचा निरोप आहे: पोराला पाणी द्या.

नदी ओलांडता येते, याचा आनंद मात्र माझा. पहिल्या खेळात न्यूयॉर्कचं फक्त मॅनहॅटन बेट होतं. ईस्ट रिव्हरच्या काठावर जाऊन पलीकडे बघायचं आणि मागे फिरायचं. आम्ही पंचवटीकर. गाव गंगेच्या दोन्ही तीरांवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), शाळा पल्याड, बाजार पल्याड, त्यामुळे पलीकडे जाता येत नाही ही कल्पनाच मला बोचायची. यंदा काखेतले जाळ्याचे पंख पसरून वाऱ्याच्या झोतात शिरले, पाण्यावरून घसरत क्वीन्सच्या काठाला लागले, तेव्हा मी नुसती मागेपुढे करत राहिले. अर्धा तास कामगिरी नाही, मारामारी नाही. खाली पाणी आणि समोर घरं. जाळं सावरून धरणारी मदत कमी करत शून्यावर आणली, उंचावरून पडल्यास लागावं असंही करून ठेवलं. तेव्हा कुठे झुलणं माझ्या हातांना आलं. आता उडी चुकते ती माझी चुकते.

आजीनेही खेळून पाहिलं. खेळाचा वेग ७०, ५०, ३० टक्क्यांवर आणता येतो ही सोय तुम्ही ठेवली आहे. मी ३० वर आणलं आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. तिची बोटं वाकडी झालेली आहेत, पण ३० टक्क्यांच्या जगात वाकड्या बोटांनाही वेळ मिळतो. सात-आठ झोके घेतले तिने. मध्ये कंट्रोलर थरथरला तेव्हा दचकून म्हणाली, “हे जिवंत आहे का?” एवढ्यासाठीसुद्धा मी तुमची ऋणी आहे.

आता मुद्द्याचं. रोज रात्री भाषांतर करता करता माझ्या हाती एक माप लागलं, आणि मापं घेणं माझं कामच आहे. जिथे तुमचं लिहिणं खोल होतं तिथे मला खेळ थांबवून शब्द शोधावा लागला. जिथे उथळ होतं तिथे मी पाच मिनिटांचा प्रसंग अर्ध्या वाक्यात उरकला आणि आजीचं काही बिघडलं नाही.

पीटरचा जुना मित्र हॅरी ऑस्बॉर्न, सुरुवातीचा, पहिल्या प्रकारातला. दोघे मित्र रात्री सायकली काढून जुन्या शाळेत शिरतात, कोनी आयलंडला जत्रेतल्यासारखे पाळण्यांत बसतात. तिथे मला खूप थांबावं लागलं. ती मैत्री ‘मित्र’ या शब्दात बसत नव्हती. शेवटी आजीनेच सुचवलं, “सवंगडी म्हण.” आणि ते काळं, चिकट, अंगावर चढणारं परजीवी, त्याला काय म्हणावं? मी ‘जीव’, ‘पोशाख’ असं चाचपडत होते. आजी एकदम म्हणाली, “बांडगूळ.” आंब्यावर येतं, हिरवंगार दिसतं, झाडालाच खातं. त्या एका शब्दाने पुढची सगळी कथा तिला आधीच कळली.

इतकी कळली की तिने माझ्या लक्षात न आलेली गोष्ट बोलून दाखवली. काळा पोशाख पीटरच्या अंगावर चढला आणि तो बळकट झाला, चिडका झाला, मला मारामारीला मजा येऊ लागली. आजी मात्र हॅरीकडे बघत होती. “अगं, ते त्या पोराचं औषध होतं. ह्याने घेतलं, आता तो मरेल की.” खरंच, तुम्ही कथा तशीच रचली आहे. आईला जो आजार झाला तोच हॅरीला, त्याला जगवणारी गोष्ट मित्राच्या अंगावर, आणि मित्राला ती परत द्यावीशी वाटत नाही. केवढं मोठं दुःख हातात होतं तुमच्या! वाटणीत दोन भावांमध्ये होतं तसं, कुणी चोर नाही आणि तरी एक जण नागवला जातोच.

म्हणूनच पुढचं मला सलतं. तेच बांडगूळ चढून हॅरी व्हेनम नावाचा राक्षस झाला आणि माझं भाषांतराचं काम संपलं. जग बरं करायचंय, जग बरं करायचंय, एवढंच तो बोलत राहिला, आणि मी आजीला एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगण्यासारखं उरलं नाही. टोनी टॉड यांचा आवाज असा की पाठीचा कणा शहारतो. पण त्या आवाजाला बोलायला तुम्ही किती थोडं दिलंत. शहरभर बांडगुळाच्या गाठी फुटतात, आपण त्या फोडत सुटतो, भराभर, आणि ज्या मैत्रीसाठी मी सायकलवरच्या रात्री थांबून थांबून शब्द वेचले ती शेवटच्या घाईत चेंगरते. दोन रात्री आणखी घेतल्या असत्या तरी आम्ही बसलो असतो. आम्हाला कुठे जायचं होतं?

क्रेव्हन या शिकारी खलनायकाचं तसं नाही. आजाराने मरायचं नाही, तोलामोलाच्या शत्रूच्या हातून मरायचं, म्हणून तो शिकार करत फिरतो, हे सांगताना आजीने जप थांबवला. म्हणाली, भीष्मालाही मरणाची वेळ निवडता येत होती, पण तो बाणांवर पडून इतरांना शहाणपण सांगत बसला, आणि हा बघ. खलनायकाची मरणाची भूक तुम्ही इतकी साफ मांडलीत की भाषा आडवी आली नाही.

माइल्सबद्दल, म्हणजे धाकट्या स्पायडरमॅनबद्दल, आमच्या घरात दोन मतं नाहीत. त्याला तुम्ही कमी दिलंत. कॉलेजच्या प्रवेशासाठी निबंध लिहायला बसलेला आणि पहिल्या ओळीपुढे न जाणारा मुलगा आजीला पीटरपेक्षा जवळचा वाटला. ज्याच्यामुळे बाप गेला तो मार्टिन ली समोर येतो, आणि सूड हाताशी असताना काय करायचं हे त्या पोराला ठरवावं लागतं. तिथे मी ‘क्षमा’ म्हटलं, मग ‘माफी’ म्हटलं, दोन्ही खोटं वाटलं. शेवटी ‘सोडून दिलं’ म्हटलं, ते बसलं. हार्लेमच्या संग्रहालयाच्या कामगिऱ्याही मला फार आवडल्या, मोहल्ल्याने आपली वाद्यं जपणं हे आम्हाला समजतं. पण मुख्य कथेत बराच वेळ माइल्स बाजूला उभा असतो. आजी विचारायची, “तो दुसरा कुठाय?” आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

एका कामगिरीत मात्र माझी गरजच पडली नाही. माइल्सची मैत्रीण हेली, तिला ऐकू येत नाही. थोडा वेळ आपण तीच होऊन शहरात फिरतो. आवाज दबतात, रस्ता कापसात गुंडाळल्यासारखा होतो आणि हात बोलू लागतात. नताशा ओफिली या स्वतः कर्णबधिर असलेल्या अभिनेत्रीने हेली साकारली आहे, आणि ते तिच्या हातांत दिसतं. मी सांगायला तोंड उघडलं तर आजीने मला हातानेच गप्प केलं. तिच्या माहेरच्या वाड्यात एक कर्णबधिर शेजारीण होती, दोघी चाळीस वर्षं हातांनी बोलल्या. महिनाभरात पहिल्यांदा पडदा आणि आजी यांच्यामध्ये मी नव्हते. मला बरं वाटलं आणि थोडं चुकचुकल्यासारखंही झालं, खरं सांगायचं तर.

आता हॉवर्ड.

हे लिहिण्यासाठी मला आधी आजोबांचं सांगायला हवं. आजोबा रोज सकाळी रामकुंडावर जायचे, कापडी पिशवीत पाव किलो ज्वारी घेऊन. कबुतरांना दाणे घालायचे, पिशवी झटकायचे, घरी येऊन चहा. ऐन पुरात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं असतानाही, वरच्या पायरीवरून दाणे टाकून आलेले मी पाहिले आहेत. त्यांचा दहावा आम्ही तिथेच केला. पिंड ठेवला, कावळा येईना. पलीकडच्या भिंतीवर बसून राहिला. गुरुजी म्हणाले, कशात जीव अडकला असेल ते बोला. बाबांनी घराचं सांगितलं, काकांनी धाकट्या आत्याला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. भावाने माझं लग्न बोलून दाखवलं. कावळा हलला नाही. ऊन डोक्यावर आलं. मग आजी पुढे झाली आणि पिंडाकडे बघून म्हणाली, “कबुतरांचं मी बघते.”

कावळा उतरला.

तुमच्यापैकी कुणी नाशिकला आलेलं नसेल, तर शेजारी बसून वाचून दाखवणाऱ्याला हे जरा सावकाश समजावून सांगायला सांगा.

हॉवर्ड मला आधीपासून माहीत होता. २०१८ च्या खेळात त्याची बारा कबुतरं पकडून द्यावी लागायची, मी मैत्रिणीच्या घरी ती एका दुपारी पकडली होती. गंमत म्हणून. त्यामुळे यंदा तो पुन्हा भेटला तेव्हा मी हसून आजीला म्हटलं, हा कबुतरवाला. तो बोलू लागला. आपण आता निघालो आहोत, पाखरांना बरोबर नेता येत नाही, त्यांची सोय व्हायला हवी. मी वाक्य सांगून पुढचं ऐकायला वळले तर आजीची माळ मांडीवर पडलेली. तो कुठे निघाला आहे हे तिला पहिल्या वाक्यात कळलं होतं. मला कळायला बराच वेळ लागला.

पुढे मारायला कुणी नाही. पंख पसरायचे, कबुतरं सोबत घ्यायची आणि शहरावरून जायचं. खाली छपरं, संगीत, पाखरांचा थवा. ती जागेवर पोहोचतात आणि हॉवर्ड जातो. मी कंट्रोलर खाली ठेवला. पडदा तसाच उजळ राहिला. आम्ही दोघी किती वेळ बोललो नाही कुणास ठाऊक.

मग आजी म्हणाली, “परत सांग. सगळं. पहिल्यापासून.” मी आठवून आठवून सांगितलं. सांगताना अडले ते साध्या शब्दाशी. पाखरांसाठी त्याला नवं घर हवं होतं. मी ‘घर’ म्हणाले. आजीने मान हलवली. कबुतराला घर नसतं, म्हणाली. मी ‘आसरा’ म्हटलं, ‘ठिकाण’ म्हटलं. शेवटी तिनेच दिला: वळचण. छपराची कड भिंतीबाहेर येते, तिच्याखालची ती बोटभर कोरडी जागा. पावसात पाखरं तिथे अंग चोरून बसतात. मालकाला न विचारता.

दहाव्यानंतर रोज दाणे घालायला माझा भाऊ जात होता. आजीचे गुडघे घाटाच्या पायऱ्यांना तयार नव्हते, आणि माझ्या मते मनही नव्हतं. हॉवर्डच्या रात्रीनंतर चार दिवसांनी तिने मला रिक्षा आणायला सांगितली. ज्वारी तिने स्वतः निवडून घेतली होती, खडे काढून, जणू भाकरीला दळायचीय.

म्हणून माझं तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते. याच वर्षी जूनमध्ये स्पायडरमॅनचा अ‍ॅनिमेशनपट आमच्याकडे दहा भाषांत लागला, त्यात मराठी होती, तेव्हा हा कोळीमाणूस मराठी बोलू शकतो हे सिद्धच झालेलं आहे. मी आवाज मागत नाही. युरींचा दम लागलेला आवाज मला हवाच आहे. खाली मराठी अक्षरं द्या. मुख्य कथेचं तर मारामारी बघूनही निम्मं कळतं. पण हॉवर्डसारख्या माणसांचं, मोबाइलवर मदत मागणाऱ्या लहानसहान लोकांचं, त्यांचं बोलणं हेच सगळं असतं, आणि ते भाषेबाहेर उभ्या माणसाला मिळत नाही. आजीला मी होते. शेजारच्या वाड्यातली मुलं खेळातलं इंग्रजी बोलणं न ऐकता थेट मारामारीवर उडी मारतात. त्यांना मी विचारलं तर हॉवर्ड कोण हे एकालाही सांगता आलं नाही.

आणखी एक. झालेली कामगिरी पुन्हा उघडून खेळता यावी. आत्या दिवाळीला आली तेव्हा मला तिला हॉवर्ड दाखवायचा होता, पण त्यासाठी सगळा खेळ पहिल्यापासून खेळावा लागला असता. माझ्या हातात होता तो नकाशा दाखवला आणि गोष्ट तोंडी सांगितली. ती रडली, पण पाखरं तिला दिसली नाहीत.

तुमच्या खेळाच्या ५० लाखांवर प्रती दोन आठवड्यांच्या आतच खपल्या. पुढचा खेळ तुम्ही करणारच. तो करताना मोठ्या लढाया आणखी मोठ्या करायचा मोह होईल. त्या वेळी हॉवर्डचा प्रसंग ज्यांनी लिहिला त्यांना लवकर बोलवा आणि त्यांच्या हातात मुख्य कथा द्या. हॅरीला त्यांनी असं घाईत जाऊ दिलं नसतं.

माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात हॉवर्डचं, हेलीचं, माइल्सच्या निबंधाचं, सायकलवरच्या रात्रीचं मी केलेलं सगळं मराठी उतरवून ठेवलं आहे, चुकांसकट, खोडाखोडीसकट. मराठी अक्षरं द्यायचं ठरलंच तर ती वही मी पाठवीन. जाणकार भाषांतरकार बसवा, त्यांना त्यांचे पैसे द्या आणि माझं लिहिणं हवं तेवढं बदला. ‘वळचण’ मात्र तशीच ठेवा. तो शब्द माझा नाही.

आपली,
पंचवटीतली एक खेळाडू